फाउंड्रीत नॉन्स परत परत अडकतोय? स्क्रिप्ट पुन्हा मारायच्या आधी हे बघा

फाउंड्री म्हणजे इथेरियमसारख्या चेनवर कॉन्ट्रॅक्ट डिप्लॉय करायची, म्हणजे चढवायची, टूलं; आणि नॉन्स म्हणजे वॉलेटच्या ट्रान्झॅक्शनचा अनुक्रमांक. फोर्ज स्क्रिप्ट नाहीतर कास्ट सेंड मारलं की कधी 'नॉन्स टू लो', कधी 'रिप्लेसमेंट ट्रान्झॅक्शन अंडरप्राइस्ड', कधी नुसतं 'ऑलरेडी नोन', आणि सगळ्यात वैतागाचं म्हणजे एरर वगैरे काहीच नाही, कर्सर लुकलुकत बसलाय आणि थोड्या वेळाने टाइमआउट. मग कोणी टर्मिनल बंद करून परत चालवतं, कोणी आरपीसी, म्हणजे चेनशी बोलायचा पत्ता, बदलतं, कोणी सरळ नवीन वॉलेट काढतं, त्यातलं एक काहीतरी लागू पडतं आणि पुढच्या डिप्लॉयला परत तोच प्रकार. हे इतक्या टीममध्ये बघितलंय की आता कोणी स्क्रीनशॉट पाठवला तर एरर वाचायच्या आधी मी विचारतो, हे वॉलेट अजून कोण कोण वापरतंय? एकदा अडकलं तर गॅसमुळे, म्हणजे फी कमी पडल्यामुळे, असेल, पण परत परत अडकतंय म्हणजे बहुतेक वेळा एका वॉलेटवर दोन हात पडतायत.

खालचं सगळं फाउंड्रीबद्दल आहे, म्हणजे फोर्ज (कॉन्ट्रॅक्ट आणि स्क्रिप्टसाठी), कास्ट (टर्मिनलवरून चेनशी बोलायला) आणि ॲन्व्हिल (आपल्याच मशीनवरची टेस्ट चेन). हार्डहॅट हे दुसरं टूल वापरणाऱ्यांना नॉन्सचा भाग जसाच्या तसा लागू आहे, कमांड तेवढ्या वेगळ्या. आणि कमांड इथे देवनागरीत दिल्यात, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

आधी हात मागे घ्या

परत चालवू नका. खरंच. कास्ट सेंड स्वतःहून रिसीट, म्हणजे ब्लॉकमध्ये गेल्याची पावती, येईपर्यंत थांबतं, त्यामुळे टाइमआउट झाला याचा अर्थ तुमचं टर्मिनल वाट बघून थकलं एवढाच, ट्रान्झॅक्शन तोवर सही होऊन नोडकडे, म्हणजे चेन चालवणाऱ्या संगणकाकडे, गेलेलं असू शकतं आणि मेमपूलमध्ये, म्हणजे ब्लॉकमध्ये जायच्या रांगेत, निवांत बसलेलं असू शकतं. कंट्रोल-सी दाबून ते परत येत नाही. अशा वेळी तीच स्क्रिप्ट परत मारली तर दोनपैकी एक होतं: नोडने पेंडिंग धरून पुढचा नॉन्स दिला तर तुमचं टोकन कॉन्ट्रॅक्ट दोनदा डिप्लॉय होणार, आणि जुनाच नॉन्स दिला तर नवीन ट्रान्झॅक्शन जुन्याशी भांडणार आणि 'अंडरप्राइस्ड' येणार.

अजून एक कारण आहे जे लोक विसरतात. फोर्ज स्क्रिप्ट ब्रॉडकास्ट करते तेव्हा सगळा हिशोब ब्रॉडकास्ट फोल्डरमध्ये ठेवते, आत स्क्रिप्टच्या नावाचं फोल्डर, त्याच्या आत चेन आयडीचं, आणि तिथे रन-लेटेस्ट नावाची जेसन फाइल. अर्धवट राहिलेलं काम पुढे न्यायला --रिझ्यूम आहे ते हीच फाइल वाचतं. तुम्ही घाईने परत ब्रॉडकास्ट केलंत की रन-लेटेस्टवर नवीन रन बसली, आता जुनं काय गेलं होतं काय नाही ते टाइमस्टॅम्पवाल्या फाइली उघडून शोधत बसा.

'ऑलरेडी नोन' बघून मात्र घाबरायचं कारण नाही, ती उलट चांगली बातमी. अगदी हेच सही केलेलं ट्रान्झॅक्शन आमच्याकडे आधीच आहे असं नोड म्हणतोय. थांबा आणि हॅश घेऊन कास्ट रिसीट करा.

दोन आकडे काढा

नॉन्स म्हणजे बँकेतल्या टोकनसारखा प्रकार, ४२ नंबर काउंटरवर आल्याशिवाय ४३ ला कोणी बोलवत नाही, मग ४३ वाला कितीही पैसे दाखवू दे. साध्या वॉलेटचा नॉन्स ० पासून सुरू होतो आणि प्रत्येक ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये गेलं की एकने वाढतो. ट्रान्झॅक्शन रिव्हर्ट, म्हणजे ब्लॉकमध्ये जाऊन फेल, झालं तरी वाढतो, हे लक्षात ठेवा, कारण 'फेल झालं ना मग तोच नॉन्स वापरतो' म्हणणारे दर महिन्याला भेटतात.

तर हे दोन चालवा:

कास्ट नॉन्स <वॉलेटचा पत्ता> --ब्लॉक लेटेस्ट
कास्ट नॉन्स <वॉलेटचा पत्ता> --ब्लॉक पेंडिंग

लेटेस्ट ४२ आला म्हणजे ० ते ४१ ब्लॉकमध्ये गेलेत आणि पुढचा ४२ लागणार. पेंडिंग ४५ आला म्हणजे ४२, ४३, ४४ अशी तीन मेमपूलमध्ये आहेत, आणि त्यातलं सगळ्यात खालचं, ४२, हेच खरं दुखणं. ४४ ची फी वाढवत बसून काही होणार नाही.

हे विचारताना आरपीसी तोच हवा जो स्क्रिप्टला दिला होता. कास्टला आरपीसी दिला नाही आणि एन्व्हायर्नमेंटमध्येही नसेल तर तो गपचूप लोकलहोस्टच्या ८५४५ पोर्टवर जातो, आणि तिथे योगायोगाने ॲन्व्हिल चालू असेल तर तुम्हाला मस्त आकडे मिळतात, फक्त दुसऱ्याच चेनचे. म्हणून सगळ्यात आधी कास्ट चेन-आयडी. इथेरियमचं सेपोलिया टेस्टनेट १११५५१११, ॲन्व्हिल ३१३३७, पॉलिगॉनचं अमॉय ८०००२. जुन्या रेपोमध्ये अजूनही ८०००१ दिसतं, ते आपलं मुंबई टेस्टनेट, ते एप्रिल २०२४ मध्ये बंद झालं, त्यामुळे एखाद्या जुन्या ट्यूटोरियलमधून एन्व्ह फाइल (सेटिंग आणि की ठेवायची) उचलली असेल आणि नॉन्सच मिळत नसेल तर तिथे नॉन्सचा दोष नाही, चेनच नाहीये.

पेंडिंग मोठा, लेटेस्ट छोटा

हे सरळ प्रकरण. खालचं ट्रान्झॅक्शन कमी फीमुळे अडकलंय. इथेरियमवर ऑगस्ट २०२१ च्या लंडन अपग्रेडपासून प्रत्येक ब्लॉकला बेस फी, म्हणजे चेनने ठरवलेला गॅसचा किमान दर, असते आणि ब्लॉक पूर्ण भरले तर ती दर ब्लॉकला जास्तीत जास्त १२.५ टक्के चढते. फाउंड्री कमाल फी ठरवताना साधारण चालू बेस फीच्या दुप्पट अधिक टिप (ब्लॉक बनवणाऱ्याला वरचे पैसे) असा हिशोब धरते. १२.५ टक्क्यांनी सलग सहा ब्लॉक वाढलं की दुप्पट होतं, १२ सेकंदांचा ब्लॉक धरला तर सव्वा मिनिटाच्या आत. म्हणजे एरवी ही दुप्पट भरपूर आहे, पण नेटवर्कवर अचानक गर्दी झाली आणि तुमची स्क्रिप्ट लांब असली, तर सुरुवातीची जातात आणि शेपटी लटकते.

अडकलेल्याचा हॅश रन-लेटेस्ट फाइलमध्ये असतो. तिथे नॉन्स हेक्समध्ये लिहिलेला असतो, शून्य-एक्स-२ए म्हणजे ४२, त्यामुळे फाइलमध्ये थेट ४२ शोधलंत तर सापडणार नाही, कास्ट टू-डेक वापरा. हॅश मिळाला की कास्ट टीएक्स करून त्याची कमाल फी आणि टिप कागदावर लिहून घ्या.

आता बदलायचं. गेथ या नोड सॉफ्टवेअरचा डीफॉल्ट नियम असा की त्याच नॉन्सचं नवीन ट्रान्झॅक्शन घ्यायचं तर फी किमान १० टक्के जास्त पाहिजे, आणि ही १० टक्के कमाल फीवरही पाहिजे आणि टिपवरही. निम्मे लोक इथेच अडकतात. जुनं ट्रान्झॅक्शन २० ग्वेई (ग्वेई म्हणजे इथरचा अब्जावा भाग) कमाल आणि १ ग्वेई टिप असं असेल तर नवीन किमान २२ आणि १.१ पाहिजे. तुम्ही कमाल फी २० ची ६० केलीत आणि टिप १ च ठेवलीत तरी 'अंडरप्राइस्ड' च येणार, मग माणूस म्हणतो तिप्पट पैसे देतोय तरी घेत नाही. दोन्ही वाढवा, आणि बरोब्बर १० टक्के नका करू, २०-२५ करा, कारण सगळे नोड काही एकाच नियमाने चालत नाहीत.

कास्ट सेंडमध्ये --नॉन्स ४२, --गॅस-प्राइस आणि --प्रायॉरिटी-गॅस-प्राइस असे तिन्ही स्वतः द्या. इथे --गॅस-प्राइस म्हणजे कमाल फी, नाव जुनं राहिलंय म्हणून गोंधळ होतो. फोर्ज स्क्रिप्टमध्ये त्याच गोष्टीला --विथ-गॅस-प्राइस म्हणतात, का वेगळं नाव ठेवलं देव जाणे.

तेच काम नव्याने करायचं नसेल, म्हणजे रद्दच करायचं असेल, तर त्याच नॉन्सवर स्वतःच्याच पत्त्यावर ० इथर पाठवा, वाढीव फीने. २१००० गॅस जातो आणि नॉन्स मोकळा. पण थांबा, डिप्लॉयचं ट्रान्झॅक्शन रद्द करत असाल तर आधी खालचा 'रद्द केलं आणि पत्तेच बदलले' हा भाग वाचा.

फी वाढवताना 'इनसफिशियंट फंड्स' आलं तर बॅलन्स संपला असंच काही नाही. नोड हिशोब धरतो तो गॅस लिमिट गुणिले कमाल फी अधिक पाठवायची रक्कम, प्रत्यक्षात तेवढे कापले जाणार नसले तरी. आणि गेथ तर तुमची रांगेतली बाकीची ट्रान्झॅक्शनही त्यात मिळवतो, एररमध्ये 'क्यूड कॉस्ट' आणि 'ओव्हरशॉट' असे शब्द दिसले तर हेच चाललंय. ०.३ इथर ठेवून पाच मोठे कॉन्ट्रॅक्ट रांगेत लावले आणि कमाल फी घाबरून २०० ग्वेई केली, तर नोड नाहीच म्हणणार.

रद्द केलं आणि पत्तेच बदलले

हे मला सगळ्यात महाग पडणारं प्रकरण वाटतं आणि याबद्दल कोणी बोलत नाही. साध्या पद्धतीने डिप्लॉय केलेल्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता फक्त दोन गोष्टींवरून निघतो, डिप्लॉय करणाऱ्याचा पत्ता आणि त्याचा त्या वेळचा नॉन्स. बस. त्यामुळे टोकन ४२ वर जाणार, प्रॉक्सी (दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टकडे कॉल पुढे पाठवणारं कॉन्ट्रॅक्ट) ४३ वर जाणार असं धरून तुम्ही स्क्रिप्टमध्ये प्रॉक्सीचा पत्ता आधीच काढून टोकनच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (डिप्लॉयच्या वेळी एकदाच चालणाऱ्या कोडमध्ये) टाकला असेल, आणि मध्येच ४२ रद्द केलंत, तर ४२ खर्ची पडला, आता टोकन ४३ वर जाणार आणि प्रॉक्सी ४४ वर, आणि टोकनच्या पोटात लिहिलेला पत्ता, जो प्रॉक्सीचा असायला हवा होता, तो टोकनचा स्वतःचाच निघणार. एरर येणार नाही. डिप्लॉय हिरवं दिसेल. कळणार तेव्हा जेव्हा पहिला युजर पैसे टाकेल.

म्हणून रद्द केल्यावर जुनं --रिझ्यूम करू नका. --रिझ्यूम स्क्रिप्ट परत सिम्युलेट करत नाही, नॉन्स होते तसेच आहेत असं धरून चालतं, पुढचं ट्रान्झॅक्शन २२ नॉन्सचं असेल तर वॉलेटही २२ वरच असायला पाहिजे, नाहीतर फेल. फी वाढवून त्याच ट्रान्झॅक्शनला पुढे ढकलायचं असेल तर रिझ्यूम आणि --विथ-गॅस-प्राइस एकत्र, पण मधे कशानेही नॉन्स सरकला असेल तर स्क्रिप्ट पहिल्यापासून, नव्या सिम्युलेशनने, आणि त्याआधी कास्ट कम्प्यूट-ॲड्रेस --नॉन्स देऊन पत्ते ताडून बघा.

चार चेनवर एकच पत्ता पाहिजे म्हणून कोरं वॉलेट घेऊन सगळीकडे नॉन्स ० वरून डिप्लॉय करणारे असतात, त्यांचं तर एका चेनवर एक ट्रान्झॅक्शन जरी रद्द झालं की सगळं गणित संपलं. त्यांनी सॉल्ट (आपण ठरवलेला आकडा) देऊन क्रिएट-टू ही डिप्लॉयची दुसरी पद्धत वापरावी, तिथे तुमच्या नॉन्सचा संबंधच येत नाही. फोर्ज स्क्रिप्टमध्ये न्यू करताना सॉल्ट दिला की ते आपोआप ठरलेल्या डिप्लॉयर कॉन्ट्रॅक्टमधून जातं.

दोन्ही आकडे सारखे, तरी अडकलंय

इथे लोक गोंधळतात. लेटेस्ट ४२, पेंडिंग ४२, म्हणजे काहीच अडकलेलं नाही ना? तसं नाही. पेंडिंग फक्त सलग असलेली मोजतं. तुम्ही हाताने --नॉन्स ४४ देऊन काहीतरी पाठवलंत आणि ४२, ४३ कुठेच नाहीत, तर ४४ पूलमध्ये आहे पण मागच्या रांगेत, गेथ त्याला क्यूड म्हणतो, आणि ते पेंडिंगच्या मोजणीत येत नाही. हॅश मिळालेला असतो, एक्स्प्लोररवर दिसत नाही, आकडे निर्मळ. गेथच्या डीफॉल्टने अशी एका वॉलेटची ६४ पर्यंत ठेवतात आणि तीन तास हालचाल नसेल तर टाकून देतात. हेच कारण की 'रात्री अडकलं होतं, सकाळी आपोआप नीट झालं'. नीट वगैरे काही झालं नाही, ट्रान्झॅक्शन फेकलं गेलं.

स्वतःचा नोड असेल तर कास्ट आरपीसीने टीएक्सपूल-कंटेंट विचारता येतं, तिथे पेंडिंग आणि क्यूड वेगळं दिसतं. बाहेरचे प्रोव्हायडर बहुतेक ही मेथड बंद ठेवतात. मग उपाय एकच, मधली जागा भरा, ४२ आणि ४३ वर स्वतःलाच ० इथर, की ४४ आपोआप सुटतं. ४४ नकोच असेल तर आधी ४४ बदला आणि मग भरा, उलट क्रमाने केलंत तर नको असलेलं जाऊन बसेल.

दुसरी शक्यता, आकडे सारखे पण 'नॉन्स टू लो' येतंय. तेव्हा आरपीसीचा प्रकार असतो. तुम्हाला एक यूआरएल दिसते पण मागे बरेच नोड असतात आणि प्रत्येक रिक्वेस्ट वेगळ्याकडे जाऊ शकते. नॉन्स विचारला तो एका ब्लॉकने मागे असलेल्या नोडला, ट्रान्झॅक्शन दिलं ते पुढे असलेल्याला, तो म्हणणार हा नॉन्स झाला की. कास्ट नॉन्स चार-पाच वेळा लागोपाठ मारून बघा, आकडा मागेपुढे नाचत असेल तर निदान झालं. अशा ठिकाणी --स्लो लावा, म्हणजे एक कन्फर्म झाल्याशिवाय फोर्ज दुसरं पाठवतच नाही. वेळ जास्त जातो, जाऊ दे, मेननेटवर मी --स्लो शिवाय डिप्लॉय करूच नये या मताचा आहे, दहा ट्रान्झॅक्शनला दोन-तीन मिनिटं जास्त गेली म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. आणि प्रायव्हेट आरपीसीने, म्हणजे पब्लिक मेमपूल टाळून पाठवलेलं असेल, तर दुसऱ्या आरपीसीला ते दिसणारच नाही, त्याचा पेंडिंग आकडा तुमच्या कामाचा नाही.

पॉलिगॉनवाल्यांसाठी

अमॉयवर किंवा पॉलिगॉन मेननेटवर 'गॅस टिप कॅप' अमुक, 'मिनिमम नीडेड २५०००००००००' असं आलं तर हा नॉन्सचा प्रश्नच नाही. तिथे टिपची किमान मर्यादा २५ ग्वेई आहे आणि टूलने इथेरियमच्या सवयीने त्यापेक्षा फारच कमी टिप लावली. --प्रायॉरिटी-गॅस-प्राइस ३० ग्वेई द्या, आणि कमाल फी त्याच्या वर ठेवा, टिप कमालपेक्षा मोठी झाली तर वेगळीच एरर. हे इथे टाकतोय कारण स्क्रिप्टमधली अर्धी ट्रान्झॅक्शन या एररने परत येतात आणि मग दुसऱ्या रनला नॉन्सच्या एरर दिसतात, आणि माणूस चुकीच्या टोकाला धरून बसतो.

लोकलवरचे दोन

ॲन्व्हिल रीस्टार्ट केलं की चेन कोरी, नॉन्स ०, पण मेटामास्क या ब्राउझर वॉलेटला जुना नॉन्स आठवत असतो, तो १७ पाठवतो आणि ट्रान्झॅक्शन लटकतं नाहीतर नॉन्स टू हाय येतं. मेटामास्कच्या सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डखाली ॲक्टिव्हिटी टॅबचा डेटा क्लियर करायचा पर्याय आहे, तो दाबा. याने पैसे, वॉलेट काही जात नाही, फक्त स्थानिक यादी पुसली जाते.

दुसरं, ॲन्व्हिल सुरू होताना जी दहा खाती १०००० इथरसकट दाखवतं त्यांच्या प्रायव्हेट की सगळ्या जगाला माहीत आहेत. ती सेपोलियावर वापरायची नाहीत. टेस्टनेट आहे, काय फरक पडतो, असं म्हणून वापरतात आणि मग विचारतात मी काही न करता नॉन्स कसा पुढे जातोय. अहो, जगातल्या कोणीही ढकलला. पाठवलेलं टेस्ट इथरही टिकत नाही, बॉट बसलेले असतात.

मूळ दुखणं: एक वॉलेट, बरेच हात

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. फोर्ज स्क्रिप्टमध्ये ही एरर दिसली का बघा: 'ईओए नॉन्स चेंज्ड अनएक्स्पेक्टेडली व्हाइल सेंडिंग ट्रान्झॅक्शन्स', पुढे एक्स्पेक्टेड अमुक, गॉट तमुक. ईओए म्हणजे आपलं साधं वॉलेट. याहून स्पष्ट कबुलीजबाब नाही. स्क्रिप्टने सुरुवातीला नॉन्स घेतला, पुढचे सगळे मोजून ठेवले, आणि मध्येच कोणीतरी त्याच वॉलेटने काहीतरी पाठवलं.

एका टीमचं असंच चालू होतं, छोटं डिप्लॉय नेहमी पार, मोठं नेहमी फाटणार. सगळे मोठ्या कॉन्ट्रॅक्टच्या गॅसवर संशय घेऊन बसलेले. प्रत्यक्षात त्यांचा भाव अपडेट करणारा बॉट त्याच एन्व्ह फाइलमधली डिप्लॉयरची की वापरत होता आणि दर काही मिनिटांनी एक ट्रान्झॅक्शन टाकत होता, छोटी स्क्रिप्ट दोन अपडेटच्या मधे बसून जायची, मोठी बसायची नाही. गंमत म्हणजे उलट बाजूने बॉटच्या लॉगमध्येही 'नॉन्स टू लो' पडलेलं होतं, पण बॉट स्वतःच रीट्राय करायचा म्हणून कोणी बघितलंच नाही. मॉनिटरिंगवाल्या आणि डेव्हलपमेंटवाल्या माणसांनी एकमेकांचे लॉग शेजारी ठेवले असते तर दहा मिनिटांचं काम.

तर शोधा कुठे कुठे ही की आहे. बॉट किंवा कीपर (ठरलेल्या वेळी ट्रान्झॅक्शन टाकणारा प्रोग्राम), विशेषतः जे नॉन्स स्वतःच्या मेमरीत ठेवतात, ते तुमच्या एका कास्ट सेंडनेही घसरतात आणि रीस्टार्ट केल्याशिवाय सावरत नाहीत. सीआय, म्हणजे मर्ज झालं की आपोआप डिप्लॉय चालवणारी यंत्रणा, जिथे दोन मर्ज पाठोपाठ झाले की दोन डिप्लॉय जॉब एकाच वेळी धावतात, तिथे कॉन्करन्सी एकवर बांधा, म्हणजे एका वेळी एकच जॉब. सहकाऱ्याचा लॅपटॉप, जिथे 'फक्त एकदा टेस्ट करायला' म्हणून दिलेली की अजून पडलेली आहे. आणि ब्राउझरमधलं वॉलेट, ज्यात कोणीतरी तीच की इम्पोर्ट केली.

उपाय कंटाळवाणा आहे. प्रत्येक कामाला वेगळं वॉलेट. डिप्लॉयरचं वेगळं आणि ते फक्त डिप्लॉयला, बॉटचं वेगळं, कॉन्ट्रॅक्टमध्ये बॉटला फक्त त्याच्या फंक्शनपुरता रोल, आणि मालकी डिप्लॉय झाल्यावर मल्टिसिगकडे, म्हणजे अनेकांच्या सह्या लागणाऱ्या वॉलेटकडे. की एन्व्ह फाइलमध्ये उघडी ठेवण्यापेक्षा कास्ट वॉलेट इम्पोर्टने कीस्टोरमध्ये, म्हणजे पासवर्डने बंद केलेल्या फाइलमध्ये, टाका आणि --अकाउंट देऊन वापरा, पासवर्ड विचारतो म्हणून लोक कटकट करतात, पण तो विचारतो म्हणूनच कोणी सहज दुसऱ्या स्क्रिप्टला ती की जोडत नाही. बॉट एकच असून त्यालाच खूप पाठवायचं असेल तर एका प्रोसेसमधून, एका रांगेतून, दोन वर्कर दोन नॉन्स मागतायत असं नको.

नजर ठेवायला

याला मोठं डॅशबोर्ड लागत नाही. एक छोटी शेल स्क्रिप्ट दर अर्ध्या मिनिटाला प्रत्येक वॉलेटचा लेटेस्ट, पेंडिंग, बॅलन्स आणि सोबत कास्ट ब्लॉक-नंबर एका ओळीत फाइलमध्ये लिहीत राहू दे. ब्लॉक नंबर सोबत हवाच, नाहीतर आरपीसीच गोठला असेल तर नॉन्स हलत नाही आणि तुम्ही विनाकारण ट्रान्झॅक्शन बदलायला धावाल. अलार्म 'पेंडिंग मोठा आहे' यावर नका लावू, तो दिवसभर वाजेल. पेंडिंग मोठा आहे, लेटेस्ट हललेला नाही आणि दरम्यान दहा-पंधरा ब्लॉक पुढे गेलेत, तिन्ही एकत्र असतील तेव्हाच वाजवा. दुसरा अलार्म डिप्लॉयरच्या वॉलेटवर: डिप्लॉय चालू नसताना त्याचा लेटेस्ट हलला, की लगेच. एरवी ते वॉलेट झोपलेलंच असायला पाहिजे, त्यामुळे हा अलार्म चोरी असो की विसरलेला बॉट, दोन्ही पकडतो.

एक नवीन भानगड मे २०२५ च्या पेक्ट्रा अपग्रेडनंतर आली आहे. साध्या वॉलेटलाही आता कोड जोडता येतो, आणि असं जोडलेलं वॉलेट असेल तर गेथ त्याची रांग लावू देत नाही, 'इन-फ्लाइट ट्रान्झॅक्शन लिमिट रीच्ड फॉर डेलिगेटेड अकाउंट्स' म्हणतो. शिवाय ही जोडणी करताना वॉलेटचा नॉन्स वाढतो, तोही ट्रान्झॅक्शन दुसऱ्याच कोणी पाठवलेलं असताना, त्यामुळे एक्स्प्लोररवर तुमची पाठवलेली ट्रान्झॅक्शन मोजाल तर नॉन्सशी जुळणार नाहीत. कास्ट कोड <वॉलेटचा पत्ता> मारा. साध्या वॉलेटला नुसतं शून्य-एक्स यायला पाहिजे. ईएफ०१०० ने सुरू होणारं काही आलं तर जोडलेलं आहे, तुम्ही जोडलं असेल तर --स्लो लावून एकेक पाठवा, तुम्ही जोडलं नसेल तर प्रायव्हेट की चोरीला गेली आहे असंच धरा, तिथून जे काही काढता येतं ते काढा आणि कॉन्ट्रॅक्टमधले त्या पत्त्याचे रोल आधी रद्द करा.

एवढं करूनही सुटत नसेल आणि आरपीसी प्रोव्हायडरच्या सपोर्टला लिहायची वेळ आली तर चेन आयडी, वॉलेटचा पत्ता, दोन्ही नॉन्स आणि ते कोणत्या ब्लॉकला घेतले, सगळ्यात खालच्या अडकलेल्या ट्रान्झॅक्शनचा हॅश, त्याची कमाल फी आणि टिप, आणि फोर्ज --व्हर्जनची ओळ, एवढं पहिल्याच मेलमध्ये द्या, नाहीतर दोन दिवस नुसते प्रश्नोत्तरात जातात. स्क्रीनशॉट जोडताना आरपीसीची पूर्ण यूआरएल दिसत नाहीये ना ते बघा, तिच्या शेपटीला तुमची एपीआय की चिकटलेली असते.